ओकेची जन्मतारीख

'ओके'वर हक्क सांगणारे पुष्कळ. अमेरिकेतल्या चोक्टॉ लोकांच्या भाषेतून तो आला, यावर राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचा इतका विश्वास की ते कागदांवर 'ओकेह' असंच लिहीत. कुणी हैतीच्या 'ओ काय' बंदरातल्या रमचं नाव घेतं, तर कुणी ऑरिन केंडल यांच्या बिस्किटांचं. टेनेसीतल्या १७९० सालच्या एका कोर्टाच्या कागदावर तर ही अक्षरं सापडलीच होती. नीट पाहिल्यावर ती 'ओ. आर.' निघाली, म्हणजे हुकूम नोंदवला!

हा गुंता सोडवला ॲलन वॉकर रीड यांनी. कोलंबिया विद्यापीठातले हे प्राध्यापक ऐकीव गोष्टींच्या नादी लागले नाहीत. त्यांनी तारीख असलेला छापील कागद प्रमाण मानला आणि जुन्या वर्तमानपत्रांत डोकं घातलं. १९४१ साली त्यांनी हा धागा १८४०च्या निवडणुकीपर्यंत नेला. पुढे आणखी मागे जात जात ते २३ मार्च १८३९च्या 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'च्या दुसऱ्या पानावर पोचले. त्यांचे लेख 'अमेरिकन स्पीच' या नियतकालिकात १९६३-६४मध्ये आले.

त्या पानावरचा मजकूर अगदीच किरकोळ आहे. बॉस्टनमध्ये घंटा वाजवण्यावरच्या नियमांची टर उडवणारं एक टोळकं होतं, त्यांच्या प्रवासावरून शेजारच्या प्रॉव्हिडन्सच्या संपादकाला काढलेला हा चिमटा. मंडळी तुमच्या गावावरून परतली तर बाटल्यांची बुचं उडतील, असा त्याचा सूर. त्यातच 'ओ. के.' येतं, आणि पुढे आडवी रेघ मारून अर्थ दिला आहे: 'ऑल करेक्ट'. मला ही रेघ फार मोलाची वाटते. अर्थ फोडून सांगावा लागतो, याचा अर्थ शब्द वाचकाच्या ओळखीचा नव्हता.

पण 'ऑल करेक्ट'ची आद्याक्षरं ओ आणि के कशी? तर तेव्हा बॉस्टनच्या पत्रकारांना आद्याक्षरांचं वेड लागलं होतं, आणि त्यातही मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगचं. 'ऑल राइट'चं 'ओ. डब्ल्यू.' व्हायचं, 'नो यूज'चं 'के. वाय.'. एखाद्या कॉलेजातल्या कट्ट्यावर शोभावा असा विनोद. असली बहुतेक अक्षरं काही वर्षांत विसरली गेली. ओ. के. तेवढं तगलं, ते राजकारणाच्या कृपेने.

१८४०मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन पुन्हा निवडणुकीला उभे होते. ते न्यूयॉर्क राज्यातल्या किंडरहूक गावचे, म्हणून 'ओल्ड किंडरहूक'. समर्थकांनी न्यूयॉर्कमध्ये 'ओ. के. क्लब' काढला आणि व्हिग पक्षाच्या सभेत घुसून दंगाही घातला. विरोधक काय गप्प बसतात? 'आउट ऑफ कॅश, आउट ऑफ क्रेडिट' अशी फोड त्यांनी केली, कॅश आणि क्रेडिट दोन्ही के अक्षराने लिहून. व्हॅन ब्युरेन यांचे राजकीय गुरू अँड्र्यू जॅक्सन यांना धड लिहिता येत नाही, म्हणून ते कागदांवर 'ओ. के.' असा शेरा मारत, ही थापही याच धामधुमीत न्यूयॉर्कच्या 'मॉर्निंग हेरल्ड'ने सोडली. पुढे कित्येकांनी तीच इतिहास म्हणून सांगितली.

मराठी वाचकाला हा खेळ नवा नाही. २०२२ साली सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीहून फोनवर झाडी, डोंगर आणि हाटिलाचं कौतुक करताना 'एकदम ओके' म्हणाले, आणि दोन महिन्यांत विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी तोच 'ओके' घोषणेत बसवून परत केला. शब्द घरोघर पोचवायला दोन्ही बाजूंनी हातभार लावला.

व्हॅन ब्युरेन हरले. ओ. के. मात्र दोन्हीकडच्या टवाळीवर पोसलं जाऊन देशभर पसरलेलं होतं.

रीड यांच्या वेळी फायली डोळ्यांनीच चाळाव्या लागत. आता जुनी वर्तमानपत्रं संगणकावर शोधता येतात, पण दोन अक्षरांचा शब्द यंत्राला जड जातो. पुसट छपाईतल्या 'ओ'चं शून्य होतं, आणि कुणाच्याही नावाची आद्याक्षरं 'ओ. के.' म्हणून समोर येतात. एवढं चाळूनही बॉस्टनच्या त्या अंकाच्या आधीचा निर्विवाद दाखला पुढे आलेला नाही.