इगतपुरीचा थांबा

रायपूर स्थानकाच्या पलीकडे, रुळांना लागून वसलेल्या गुढियारीत ज्यांचे बिऱ्हाड आहे, त्यांना आवाजावरून इंजिनाची जात ओळखता येते. एरवी इंजिने नुसती घुमतात. पण कोळशाची लांबलचक मालगाडी ओढणारे एक इंजिन सुटताना पेटीवर स्वर चढवावेत तसा आवाज करते. प्रस्तुत लेखक पदवीने बी. ए., तेव्हा विजेविषयी त्याने लिहावे हे धाडसच. परंतु त्या आवाजाचा माग काढता काढता तो आपल्या गावाकडच्या वाटेवर येऊन पोहोचला, म्हणून हा प्रपंच.

लहानपणी हावडा-मुंबई मेलने आम्ही आजोळी जात असू. इगतपुरीला गाडी बराच वेळ थांबे, कारण तेथे इंजिन बदले. वडील खाली उतरून वडे आणीत, आई आमच्या चपला शोधू लागे. घाट उतरला की घर! इंजिन का बदलतात, हे मात्र कोणी सांगितले नाही.

कारण इतिहासात होते. दिनांक 3 फेब्रुवारी 1925 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यास पहिली विजेची गाडी गेली. त्या काळी इंग्लंडात मान्य झालेली 1,500 व्होल्ट एकदिश प्रवाहाची पद्धत येथे आली, आणि 1930 पर्यंत ती पुणे व इगतपुरीपर्यंत पोहोचली. घाटासाठी 1928 च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या घडणीची इंजिने आली. आपल्या लोकांनी त्यांना ‘खेकडा’ म्हणून टाकले. स्वातंत्र्यानंतर, 1957 साली, रेल्वेने फ्रान्सची 25,000 व्होल्टची प्रत्यावर्ती पद्धत स्वीकारली. पुढे देशभर हीच पसरली. मुंबईपुरती जुनी राहिली. दोन देशांच्या विजा एकमेकींस भिडत त्या इगतपुरीला!

आता त्या गाणाऱ्या इंजिनाकडे वळू. 1993 साली झालेल्या करारान्वये एबीबी कंपनीकडून ही जात आपल्याकडे आली. तिचे स्विस भावंड 15,000 व्होल्टवर, सेकंदाला 16.7 आवर्तनांवर चालते. आपल्याकडे व्होल्ट 25,000 आणि आवर्तने 50. शिवाय रूळही रुंद, 1,435 ऐवजी 1,676 मिलिमीटर. मग काय बदलायचे? इंजिनात तारेवरची वीज आधी रोहित्रात उतरते, मग एकदिश होते, आणि त्या एकदिश विजेपासून इन्व्हर्टर मोटारींना हवी तशी त्रिकला वीज घडवतो. गाडीचा वेग वाढेल तशी तिची आवर्तने तो वाढवीत नेतो. तो चढता स्वर हाच. पुढचे रोहित्र तर आपल्या तारेनुसार बांधावे लागतेच, पण मधल्या एकदिश विजेत एक धडधड उरते आणि ती तारेच्या आवर्तनांच्या दुप्पट असते: तेथे 33 च्या आसपास, येथे 100. ती शोषणारी गाळणी त्या आकड्याला जुळवावी लागते. गाळणीच्या पलीकडचा इन्व्हर्टर मात्र तार कोणत्या देशाची, हे विचारीत नाही. चित्तरंजनच्या कारखान्याने 1998 पासून ही इंजिने स्वतः घडवायला घेतली.

मुंबईचे कोडे सुटले तेही या गुणामुळेच. लोकल एक दिवसही बंद ठेवणे अशक्य. मग तारेतील वीज बदलायची कशी? दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या गाड्या आधी आणल्या गेल्या. 2007 पासून सीमेन्सच्या यंत्रणेच्या गाड्या धावू लागल्या. जुन्या तारेखाली इन्व्हर्टरला एकदिश वीज आयतीच मिळे, नव्या तारेखाली ती रोहित्रातून व परिवर्तकातून येई. मग टप्प्याटप्प्याने तारांतील वीज बदलली. पश्चिम रेल्वेवर हे काम 2012 च्या फेब्रुवारीत संपले. मध्य रेल्वेच्या हार्बर मार्गावरची शेवटची एकदिश लोकल एप्रिल 2016 मध्ये धावली. एक्क्याण्णव वर्षांचा पसारा, आणि लाखो प्रवाशांना तो आवरला गेल्याचे जाणवलेही नाही.

इगतपुरीला वीज आता बदलत नाही. परतीच्या वाटेवर कसाऱ्याला मागून रेटणारी इंजिने तेवढी अजून लागतात. चढणीला कोण्या देशाचे प्रमाण चालत नाही. परंतु मुंबईकडे जाताना इगतपुरीची पाटी दिसली की माझा हात आजही बाकाखाली चपला शोधू लागतो.