तेहतीस फुटांचा गुंठा

सातबाऱ्यावर आता हेक्टर आणि आर लिहिलेले असतात, खरेदीखतात चौरस मीटर येतात, आणि तरीही पुण्या-नाशिकच्या वेशीबाहेर जागा शोधणारा माणूस विचारतो ते एवढंच: गुंठा काय भावानं चाललाय? गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. हा आकडा तोंडपाठ असतो, पण असा अडनिडा का, हे फारसं कुणी सांगत नाही.

पेशवाई संपेपर्यंत देशावर बिघा चालत होता. शिवकाळात पाच हात पाच मुठींची काठी ठरवली होती. वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद तो एक बिघा आणि 120 बिघ्यांचा चावर. पण पुढे काठी गावोगाव बदलत गेली. 1818 नंतर कंपनी सरकारला सारा बसवायचा होता, आणि त्यासाठी सगळीकडे सारखंच भरणारं माप हवं होतं. प्रिंगल या अधिकाऱ्याची पहिली पाहणी फसली. आकारणी जड झाली, इंदापूर तालुक्यात शेतं ओस पडली. मग 1835 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या अधिकाऱ्यांनी त्याच इंदापुरात नव्यानं मोजणी मांडली.

त्यांच्या मोजणीदारांच्या हातात साखळी होती तेहतीस फुटांची. तिचं मूळ इंग्लंडात. एडमंड गंटर या गणितज्ञानं 1620 मध्ये 66 फुटांची साखळी आणली. तिचे दहा चौरस भरले की नेमका एक एकर होतो. इकडे तिच्या निम्म्या लांबीची साखळी घेतली. अर्ध्या साखळीचा चौरस म्हणजे 33 गुणिले 33, म्हणजेच 1089 चौरस फूट. हाच गुंठा. असे चाळीस झाले की एकर पुरा. अडनिडा वाटणारा आकडा साखळीच्या लांबीतून आपोआप पडलेला आहे.

या साखळीचं मला सर्वात कौतुक वाटतं ते तिच्या आण्यांचं. तेहतीस फुटांचे सोळा भाग पाडून प्रत्येकाला आणा म्हटलं. सोळा आण्यांचा रुपया, सोळा आण्यांची साखळी आणि सोळा आण्यांचा गुंठा. ज्याला पैशाचा हिशेब येई, त्याला त्याच पाढ्यांत जमिनीचाही मांडता येई. शंकू नावाच्या उपकरणानं काटकोन धरायचा, साखळी ओढायची, लांबी-रुंदीचा गुणाकार करायचा. परक्या मापाला इथल्या हिशेबाची अशी जोड मिळाली म्हणूनच ते रुजलं, असं माझं मत आहे.

मात्र या पद्धतीत एकटा गुंठा कुणाचा नव्हता. सर्व्हे नंबर पाडताना एका बैलजोडीला किती जमीन कसता येईल, हा हिशेब धरलेला असे. हलक्या माळाचा नंबर मोठा, पाणथळ भातजमिनीचा लहान. गुंठा म्हणजे एकरांचा हिशेब लागल्यावर उरलेला भाग. आणि प्रत्येक नंबराला हद्दीचा दगड होता, बांध होता, गावनकाशावर रेघ होती. 1847 च्या संयुक्त अहवालानं ही पद्धत पक्की केली. आजही फ्लॅटच्या करारनाम्यात ‘सर्व्हे नंबर अमुक, हिस्सा नंबर तमुक’ येतं, ते याच कामातून आलेलं आहे.

दशमान पद्धत आली तेव्हा गुंठा जाईल असं वाटायला हरकत नव्हती. पण नवा आर 100 चौरस मीटरचा आणि गुंठा 101.17 चा. फरक जेमतेम साडेबारा चौरस फुटांचा. त्यामुळे लोक आर वाचतात आणि गुंठा म्हणतात. हेक्टर म्हणजे अडीच एकर, शंभर गुंठे, हा तोंडी हिशेबही चालतो; खरे गुंठे भरतात 98.84.

शहरं फुगली तसा हा उरलेला भाग, म्हणजे गुंठाच, विकायची वस्तू झाला. बिगरशेती प्लॉट ज्याला परवडत नाही, अशा कामगाराला, रिक्षावाल्याला, शिपायाला एक गुंठा परवडतो. तिथे दोन खोल्या, पुढे जिना, वर आणखी दोन खोल्या होतात. लहान तुकड्यांच्या विक्रीला 1947 चा तुकडेबंदीचा कायदा आड येई, म्हणून दहा-अकरा जण मिळून मोठा तुकडा एका सामायिक सातबाऱ्यावर घेत आले. अशा वस्त्यांना नियमात आणण्यासाठी 2001 मध्ये राज्यानं गुंठेवारीचा कायदा केला आणि 2021 मध्ये त्याची मुदत डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली.

या खरेदीत एक उणीव राहते आणि ती भोगावी लागते घेणाऱ्यालाच. सामायिक सातबारा नाव आणि क्षेत्र सांगतो. आपला गुंठा रस्त्याकडचा की ओढ्याकडचा, हे त्यावर कुठेच नसतं. ते फक्त पोटहिश्शाच्या मोजणीनंतर नकाशावर दिसतं. इंदापूरच्या माळावर प्रत्येक नंबरासाठी जे आधी केलं, ते इथे घर उभं राहिल्यावर, शेजाऱ्याशी वाद झाल्यावर मागितलं जातं. बयाणा देण्याआधी साखळी ओढून घ्यावी, कोपऱ्यांवर दगड रोवून घ्यावेत, आणि मगच पाया खणावा.