सेकंड लाइफमधील लेखकसमाज

सॅन फ्रान्सिस्को येथील लिंडेन लॅब या कंपनीने २००३ मध्ये खुले केलेल्या ‘सेकंड लाइफ’ नावाच्या ज्या आभासी जगात इमारती, उद्याने व वेशभूषा रहिवासीच रचतात, आणि त्या निर्मितीवरील बौद्धिक मालकी त्याच वर्षाअखेरीस कंपनीने रीतसर त्यांच्या हवाली केली, तेथे लेखकांचा समाज वसावा, हे स्वाभाविकच होते. काव्यवाचने व लेखनवर्ग तेथे भरतात. वाचणाऱ्याचा प्रत्यक्ष आवाज ऐकू येतो, आणि श्रोत्यांची दाद टंकलिखित ओळींतून उमटते. कादंबरीकार कर्ट व्हॉनेगट यांची नभोवाणी-मुलाखत २००६ मध्ये येथे झाली, तर पुढील वर्षी विल्यम गिब्सन यांनी आपल्या नव्या कादंबरीचे वाचन केले.

येथील लेखनाचे खरे साधन म्हणजे ‘नोटकार्ड’. साध्या मजकुराचे हे पत्रक एखाद्या बाकात वा पुतळ्यात दडवून ठेवता येते, आणि स्पर्श करणाऱ्याच्या संग्रही त्याची प्रत तत्काळ दाखल होते. स्थळ हेच पृष्ठ बनवणारी ही सोय छापील पुस्तकास अप्राप्य आहे. नक्कल, फेरफार व हस्तांतर यांच्या परवानग्या निर्मात्यास ठरवता येतात. मोबदला लिंडेन डॉलर या येथील चलनात मिळतो व तो अमेरिकी चलनात बदलता येतो. तथापि नवोदितास अधिक मोलाचा लाभ म्हणजे दूरदेशीचा, तत्क्षणी प्रतिसाद देणारा श्रोतृवर्ग.