निवडणे

‘त्रिए’ या फ्रेंच क्रियापदाचा अर्थ निवडणे, प्रतवारी लावणे. त्यापासून झालेला ‘ट्रायाज’ हा शब्द इंग्रजीत आधी लोकरीला लागला, मग कॉफीच्या फुटक्या, हलक्या प्रतीच्या बियांना. माणसांची पाळी बरीच नंतर आली. आज मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात, दाराशी बसलेली परिचारिका कोणाला आधी आत न्यायचे ते ठरवते, त्या कामाचे हे नाव. (‘मी आधी आलो होतो’ ही तक्रार तिला रोज ऐकावी लागत असणार.)

या पद्धतीचे जनकत्व बहुधा नेपोलियनचा शल्यवैद्य डोमिनिक लारे (१७६६–१८४२) याला देतात. हुद्दा न पाहता ज्याची जखम सर्वांत घातक त्याला आधी हात लावायचा, हा त्याचा दंडक. त्यात राज्यक्रांतीची समता सरळ दिसते.

क्रिमियाच्या युद्धात मात्र या समतेला वेगळेच वळण लागले. १८५४ च्या अखेरीस सेव्हस्तोपोलच्या वेढ्यात पोहोचलेल्या निकोलाय पिरोगोव्ह या रशियन शल्यवैद्याला जखमींच्या लोंढ्यात एक गोष्ट उमगली : सर्वांत घातक जखमेवर वेळ घालवला, तर वाचू शकणारे मरतात. त्याने वर्ग पाडले. तातडीने शस्त्रक्रिया हवी ते, उद्यापर्यंत थांबू शकतील ते, किरकोळ जखमी. आणि ज्यांची आशा उरली नाही ते. या शेवटच्यांना शुश्रूषा करणाऱ्या भगिनींच्या आणि धर्मगुरूच्या स्वाधीन करायचे.

त्याच वेढ्यात तोफखान्याचा तरुण अधिकारी म्हणून टॉलस्टॉय होता. १८५५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पहिल्या सेव्हस्तोपोल-चित्रात तो वाचकाला ‘तुम्ही’ म्हणत जखमींच्या दालनात नेतो. तिथे तो खाटेखाटेपाशी रेंगाळतो. पाय गमावलेल्या सैनिकाशी बोलतो. एका खलाशाची बायको दिसते, नवऱ्यासाठी बुरुजावर जेवण नेताना तिचा पाय गेलेला. शल्यवैद्याला असे रेंगाळता येत नाही, ते त्याच्या कामाविरुद्धच ठरले असते. एकाच छपराखाली दोन दृष्टी वावरत होत्या आणि दोन्ही खऱ्या होत्या, असे मला वाटते.

वैद्यकात ‘ट्रायाज’ हा शब्द रुळला तो पहिल्या महायुद्धात. पुढे तो नागरी रुग्णालयांत शिरला. १९९० च्या दशकात मँचेस्टरमध्ये तयार झालेल्या पद्धतीत पाच रंग आहेत : लाल म्हणजे तत्काळ, नारिंगी दहा मिनिटे, पिवळा एक तास, हिरवा दोन, निळा चार. पिरोगोव्हचा निराशेचा वर्ग यात नाही. इथे वाटला जातो तो फक्त वेळ. उपचार आज ना उद्या सर्वांनाच मिळणार, हे गृहीतच आहे.

हे गृहीतक मार्च २०२० मध्ये इटलीत कोसळले. तेथील अतिदक्षता-तज्ज्ञांच्या संघटनेने ६ मार्चला काढलेल्या टिपणात खाटा अपुऱ्या पडल्यास वयाची मर्यादा घालावी लागू शकेल, असे लिहिले. हे टिपण कशासाठी, तेही त्यात नोंदवले होते : निवडीचे निकष उघड असावेत, आणि रुग्णाच्या उशाशी उभ्या असलेल्या डॉक्टरवरचा निर्णयाचा भार थोडा हलका व्हावा.