खारीचा रस्सा: अन्न, तिटकारा आणि इतिहास

उर्दू माध्यमात शिकलेल्या अनेकांना इक्बाल यांची 'एक पहाड और गिलहरी' ही नज्म आठवत असेल. डोंगर आणि खार यांच्यातला तो वाद मूळचा इक्बाल यांचा नाही. अमेरिकन कवी एमर्सन यांच्या कवितेवरून त्यांनी तो घेतला आणि तशी नोंदही केली. म्हणजे आपल्या वर्गातली ही गिलहरी अमेरिकेहून आलेली आहे. ज्या काळात एमर्सन कविता लिहीत होते, त्याच काळात त्यांच्या देशातल्या लाखो घरांत खार चुलीवर शिजत होती.

आपल्याकडे खार म्हटलं की रामसेतूची गोष्ट आणि 'खारीचा वाटा' आठवतो. तिचं मांस खातात हे ऐकून बहुतेक मराठी माणसं, हिंदू असोत वा मुसलमान, तोंड वाकडं करतील. पण एखादं अन्न आधी सर्वांचं असतं, मग गरिबांचं होतं आणि शेवटी चेष्टेचा विषय बनतं. हा प्रवास समजून घ्यायला खारीइतकं चांगलं उदाहरण क्वचितच मिळेल.

युरोपातून गेलेले लोक उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात वसले तेव्हा तिथे ओक, चेस्टनट, हिकरी यांची अफाट जंगलं होती. या झाडांच्या फळांवर करड्या खारींची संख्या प्रचंड वाढलेली होती. मूळ रहिवासी त्यांची शिकार करतच होते. नव्या शेतकऱ्यांनी मक्याची शेतं केली आणि खारींनी त्यांवर धाड घातली. १७४९ मध्ये पेनसिल्व्हेनियाने दर खारीमागे तीन पेन्स इनाम लावलं. स्वीडिश निसर्गअभ्यासक पीटर काल्म त्या वेळी तिथे होते. त्यांच्या नोंदीनुसार वर्षभरात आठ हजार पौंड वाटले गेले, म्हणजे सुमारे ६ लाख ४० हजार खारी मारल्या गेल्या. तरुण पोरं बाकीची कामं सोडून जंगलात गेली आणि सरकारला इनाम कमी करावं लागलं. ओहायो राज्याने तर १८०७ मध्ये कायदाच केला: कर भरताना प्रत्येकाने ठरलेल्या संख्येने, किमान दहा, खारींची डोक्याची कातडी जमा करायची.

मारलेली खार फेकून देणं शेतकऱ्याला परवडणारं नव्हतं. एका खारीत मांस ते किती! पण कोवळी असेल तर पिठात घोळवून तळायची, जून असेल तर मंद आचेवर तासन् तास शिजवायची, ही रीत घरोघरी बसली. केंटकीत 'बर्गू' नावाचा दाट रस्सा मोठ्या कढईत शिजे. शिकारीत जे मिळेल ते त्यात पडायचं आणि खार त्यात हमखास असायची.

सर्वांत प्रसिद्ध झाला तो 'ब्रन्सविक स्ट्यू'. व्हर्जिनियातल्या ब्रन्सविक परगण्यात सांगतात, की १८२८ मध्ये डॉ. क्रीड हॅस्किन्स यांची मंडळी शिकारीला गेली होती. मागे तळावर राहिलेल्या जिमी मॅथ्यूज या स्वयंपाक्याने खारी, कांदा, लोणी आणि शिळा पाव एकत्र शिजवला. मंडळी परतली, आधी नाखुशीने चाखलं, मग पुन्हा मागून घेतलं. जॉर्जिया राज्यातल्या ब्रन्सविक गावाचाही या पदार्थावर दावा आहे आणि दोघांचं भांडण अजून मिटलेलं नाही. मात्र व्हर्जिनियाच्या गोष्टीतला जिमी मॅथ्यूज हा गुलाम कृष्णवर्णीय होता. पदार्थाला नाव मिळालं परगण्याचं, किस्सा सांगितला जातो मालकाच्या शिकारीचा आणि हात होते गुलामाचे. स्वयंपाकघराचा इतिहास अनेक ठिकाणी असाच लिहिला गेला आहे.

खारीच्या शिकारीला तेव्हा कमीपणा नव्हता, उलट मान होता. सप्टेंबर १८६२ मध्ये यादवी युद्धात दक्षिणेची फौज सिनसिनाटी शहराकडे सरकली. ओहायोचे गव्हर्नर डेव्हिड टॉड यांनी हाक दिली आणि सुमारे पंधरा हजार खेडूत आपापल्या बंदुका घेऊन धावून आले. त्यांना 'स्क्विरल हंटर्स' हेच नाव पडलं. खारीसारखं लहान, चपळ लक्ष्य टिपणारा माणूस म्हणजे अचूक नेमबाज, असा त्यामागचा भाव होता.

मग हे बदललं कसं? जंगलं तुटली. १९०४ पासून पसरलेल्या बुरशीच्या रोगाने अमेरिकन चेस्टनटची झाडं जवळपास संपवली. लोक शहरांत गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखानी पद्धतीने वाढवलेली कोंबडी स्वस्त झाली आणि ब्रन्सविक स्ट्यूमध्ये खारीची जागा तिने घेतली. शहरातल्या माणसाला खार आता बागेत शेंगदाणे खाणारी गोड प्राणी वाटू लागली. खार खाणारे उरले ते ॲपलेशियन डोंगरांतले आणि दक्षिणेतले ग्रामीण, बहुतांशी गरीब लोक.

१९९७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात केंटकीच्या डॉक्टरांचं एक पत्र आलं. मेंदूच्या एका दुर्मिळ, प्राणघातक आजाराच्या पाच रुग्णांनी पूर्वी खारीचा मेंदू खाल्ला होता, अशी ती नोंद होती. शंका रास्त होती, पण हा संबंध पुढे सिद्ध झाला नाही. बातमी मात्र चवीने चघळली गेली. रोग्यांविषयी कळवळा कमी आणि 'हे अडाणी लोक काय काय खातात' हा सूर जास्त.

इथे आपल्या परंपरेतला एक प्रसंग आठवतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापुढे भाजलेला 'दब्ब', म्हणजे वाळवंटी घोरपडीसारखा प्राणी, ठेवला गेला. त्यांनी हात मागे घेतला. हे हराम आहे का, असं विचारल्यावर त्यांनी नाही म्हटलं. आपल्या मुलखात तो नसतो म्हणून मन होत नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांनी तो तिथेच, त्यांच्यासमोर खाल्ला. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. 'मला आवडत नाही' आणि 'हे निषिद्ध आहे' या दोन गोष्टी तिने स्वच्छ वेगळ्या केल्या.

फुकहांनी खारीचाही विचार केला आहे. अरबीत तिला 'सिंजाब' म्हणतात आणि तिची ऊबदार कातडी उत्तरेकडच्या मुलखातून व्यापाराने येत असे. 'हयातुल हैवान' लिहिणारे कैरोचे अद-दमीरी (मृत्यू १४०५) शाफई होते. शाफई मझहबमध्ये सिंजाब हलाल मानली जाते. हंबली इब्न कुदामा (मृत्यू १२२३) यांनी दोन्ही बाजूंची मतं मांडली. हनफी मुफ्तींपैकी अनेकजण मनाई करतात. एकच प्राणी, तीन भूमिका आणि तरीही कोणी कोणाला दीनबाहेर काढलं नाही.

हा मतभेद आपल्यालाही नवा नाही. कोकणी मुसलमान शाफई, देशावरचे बहुतेक हनफी. कोळंबी कोकणात निःशंक ताटात येते, तर हनफी उलेमांमध्ये ती मासा आहे की नाही यावर वाद आहे. तरी दोन्हीकडची माणसं एकाच दस्तरखानावर बसतात.

कोणी आता खारीच्या मागे लागावं असं यात काही नाही. आपला राज्यप्राणी शेकरू १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे आणि त्याच्यासाठी भीमाशंकरचं अभयारण्य राखलेलं आहे. कायदा पाळणं हे आपलं कामच आहे. मुद्दा ताटाकडे बघण्याच्या नजरेचा आहे. वजडी, पाया, भेजा यांवरून आपल्याला हिणवलं जातं तेव्हा आपल्याला झोंबतं, आणि ते बरोबरच आहे. पण उंदीर खातात म्हणून बिहारच्या मुसहरांविषयी किंवा रानातलं खातात म्हणून आदिवासींविषयी आपल्याच घरांत जे बोललं जातं, ते वेगळं आहे का? न आवडलेल्या ताटावरून हात मागे घ्यायचा हक्क प्रत्येकाला आहे. त्या ताटावर बसलेल्या माणसाला कमी लेखण्याचा हक्क मात्र कोणत्याच मझहबने दिलेला नाही.