तुमच्या बोटांत कोण कोण वाजतं?

स्वारगेटला बसमध्ये चढताना गिटार आडवी धरू नका, उभी धरा. लाल पीएमटी खचाखच भरलीय. साल १९८९, गणपतीचे दिवस, बाहेर पावसाची भुरभुर आणि आत ओल्या छत्र्यांचा, घामट शर्टांचा वास. "ओ गिटारवाले, पुढे सरका!" कंडक्टर ओरडतो. सरका. तुम्ही एकोणीस वर्षांचे आहात, कापडी पिशवीत कलकत्त्याची गिवसन गिटार आहे आणि आज रात्री बिबवेवाडीतल्या एका मंडळासमोर ऑर्केस्ट्रात पहिल्यांदा वाजवायचंय. पोटात गोळा आलाय ना? येऊ द्या.

मार्केट यार्डाजवळ खिडकीतून कांद्याचा, कोथिंबिरीचा, भिजलेल्या गोणपाटाचा भपका आत घुसतो. पुढे अप्पर इंदिरानगरला उतरा. टेकडीच्या पोटाशी अर्धवट बांधलेल्या इमारती, वाळूचे ढिगारे आणि घोट्यापर्यंत चिखल. चपला हातात घ्या, दुसरा हात गिटारवर असू द्या.

आधी कॅसेटवाल्याकडे जाऊ. गाण्यांची यादी द्यायची, दोन दिवसांनी भरलेली कॅसेट न्यायची, असा इथला रिवाज. टपरीएवढ्या दुकानात दोन डेक एकमेकांना जोडलेत, उदबत्ती धुमसतेय. तुमची कॅसेट तयार आहे. ए बाजूला 'दम मारो दम', 'चुरा लिया' आणि 'कर्ज'मधलं 'एक हसीना थी'. बी बाजूला डायर स्ट्रेट्स. इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलवर राहणाऱ्या शिलाँगच्या मुलाने मूळ कॅसेट दिली होती. "हे इंग्रजी काय कळंना बुवा, पण वाजवतोय झकास," दुकानदार म्हणतो. त्याचे पैसे द्या आणि पळा, दुपार चाललीय.

ही तुमची कॉट बेसिसवरची खोली. तीन कॉट, एक टेबलफॅन, दोरीवर न वाळणारे कपडे. टेपरेकॉर्डर लावा. पहिलं संकट लगेच समोर येतं: टेप जरा जोरात पळतो, त्यामुळे सूर चढलेला. मग खुंट्या पिळून गिटारच टेपच्या सुराला आणा. प्ले, स्टॉप, मागे. प्ले, स्टॉप, मागे. बोटांची टोकं हुळहुळतात, त्यांना गंजक्या तारेचा लोखंडी वास लागतो. 'दम मारो दम'ची सुरुवात भूपिंदर सिंगांनी वाजवलीय. हेच पुढे आपल्या खर्जातल्या आवाजात गझल गाणारे भूपिंदर. गाणाऱ्या माणसाच्या हातात गिटार आली की दोन सुरांमध्ये श्वासाएवढी जागा सुटते. ऐका, ती जागा ऐकू येते. तीही उतरवून घ्या.

आता 'कर्ज'. ही धून गोरख शर्मांनी वाजवलीय. ते संगीतकार प्यारेलाल यांचे भाऊ. वडील रामप्रसाद शर्मा ट्रम्पेट वाजवायचे आणि शिकवायचे. अशा घरात वाढलेला हात सूर कसा ठणठणीत लावतो बघा! तुम्हालाही तसाच लावायचाय. दुसऱ्या ओळीत तार बोटाने खेचून वरच्या सुराला न्यायची. खेचा. छे! गिवसनची तार पट्टीपासून इतकी उंच आणि इतकी ताठ, की बोट कापतं पण सूर वर जात नाही. पुन्हा खेचा. पुन्हा अर्ध्यावरच अडकला.

भिंतीपलीकडे घरमालक काकांनी त्यांची लाडकी कॅसेट लावलीय, 'कॉल ऑफ द व्हॅली'. १९६७ सालच्या या ध्वनिमुद्रणात शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार आहे. होय, गिटार! काब्रा ती मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांब तारेवरून सरकवतात. त्यांचे गुरू सरोदवादक अली अकबर खाँ, म्हणून गिटारमधून मींड निघते. तुम्ही मुद्दाम ऐकत नाही, पण कान ऐकतोय. संध्याकाळी मारुतीच्या देवळात भजनी मंडळ बसतं, तिथले बुवाही एका सुरावरून दुसऱ्यावर असेच घरंगळत जातात. लहानपणापासून तुम्ही हेच ऐकत आलाय.

म्हणून आता तुमचं बोट काय करतंय, नीट बघा. तार खेचली जात नाही तेव्हा ते न उचलता दोन पट्ट्या पुढे सरकतं. सूर घसरत वर पोहोचतो. गोरख शर्मांसारखा नाही, काब्रांसारखाही नाही. तुम्ही चुकलं म्हणून तोंड वाकडं करताय. थांबा. मिसिसिपीचा गिटारवादक बी. बी. किंग याला आईच्या नात्यातल्या बुक्का व्हाइटसारखी नळी तारेवर सरकवून वाजवायचं होतं. जमेना. मग त्याने नुसतं बोटच तारेवर थरथरवलं, आणि तो थरथरता सूर जगभर त्याची ओळख झाला. तुमच्या बी बाजूवरच्या डायर स्ट्रेट्सचा मार्क नॉफ्लर पोरवयात हँक मार्विनच्या लाल गिटारवर जीव टाकायचा. मोठेपणी त्याने पिक बाजूला ठेवून बोटांनी वाजवलं आणि तो कुणाचीच नक्कल उरला नाही. ज्याच्यावर जीव जडतो त्याच्यासारखं वाजवायला गेलं, की आपला हात आणि आपला कान मध्ये येतात. शैली तिथे जन्मते. म्हणून भरपूर लोकांवर जीव जडू द्या. एकाचंच ऐकणाऱ्याच्या बोटांत एकच माणूस राहतो.

चला, आठ वाजले. मंडळाचा मांडव गच्च भरलाय. ताडपत्रीतून पाणी ठिबकतंय, जनरेटर धडधडतोय, डिझेलच्या धुरात भज्यांच्या तेलाचा वास मिसळलाय. पुढे पोरं मांडी घालून, मागे बायका खुर्च्यांवर, भिंतीवर बसलेले वेगळेच. आहुजाच्या अँप्लिफायरमधून खरखर येतेय. माइकच्या स्टँडला ओल्या हाताने शिवू नका, झटका बसेल. कीबोर्डवाला दादा कानात सांगतो, "काळी दोनमध्ये घे रे." म्हणजे टेपवर जुळवलेला सूर गेला! गर्दीकडे पाठ करून घाईघाईने खुंट्या पिळा.

लावणी झाली, कोळीगीत झालं. "आता खास लोकाग्रहास्तव, 'कर्ज'!" घोषणा होते आणि शिट्ट्यांनी मांडव दणाणतो. वाजवा. पहिली ओळ कॅसेटसारखी जाते. गाताना घेतो तसा दोन सुरांमध्ये श्वास घ्या. भूपिंदरांकडून उचललेली ती जागा इथे कामी येते. दुसरी ओळ आली. घामेजलेलं बोट तार खेचायला जातं, तार हलत नाही, बोट घसरतं आणि सूर मींड घेत वर चढतो. कर्ण्यांमधून तो टेकडीपर्यंत जातो. पहिल्या रांगेतले फेटेवाले आजोबा चटकन मान डोलावतात. भजनात बुवांना द्यायची दाद त्यांनी तुमच्या इलेक्ट्रिक पिकअप लावलेल्या गिटारला दिलीय.

गाणं संपतं. "वन्स मोअर!" मागून आरोळी येते. मग भिंतीवरून येते, मग सगळीकडून. कार्यकर्ते हात वर करून "घ्या, घ्या परत" म्हणतात. ढोलकीवाला तुमच्याकडे बघून हसतो आणि ठेका धरतो. पुन्हा पहिली ओळ. पुन्हा दुसरी. या वेळी तार खेचायचा प्रयत्नही करू नका. बोट आधीच दोन पट्ट्या खाली ठेवा आणि मुद्दाम, सावकाश, हवं तेवढं लांबवत सरकवा. आता ही जागा तुमची झाली.