दादांचा कॅमशाफ्ट

आमच्या घरात १९४८ ची एक निशाणी होती. हातभर लांबीचा, गंजलेला लोखंडी दांडा. त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे. दादा तो जुन्या लुंगीत गुंडाळून कपाटावर ठेवत. दिवाळीच्या आधी भंगारवाला गल्लीत आला की दादी कपाटाकडे बघायची आणि दादा आतून ओरडायचे, "फौज के जीप का है, नक्को फेंको!"

दादा नळदुर्गचे. त्यांची गोष्ट अशी: १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून फौज आली, बोरी नदीच्या पुलाजवळ एक जीप बंद पडली आणि मिस्त्रीच्या हाताखाली काम करणाऱ्या पोरसवदा दादांनी नंतर तिच्या उघड्या इंजिनातून हा कॅमशाफ्ट उचलला. आम्ही नातवंडांनी ही गोष्ट शंभरदा ऐकली असेल.

त्या दिवशीचा इतिहास खराच आहे. हैदराबाद संस्थानावरची लष्करी कारवाई त्याच पहाटे सुरू झाली. मुख्य फळी सोलापूर-हैदराबाद रस्त्याने आली आणि निजामाच्या सैन्याला नळदुर्गचा पूल उडवता आला नाही, तो शाबूत फौजेच्या हाती पडला. पाचव्या दिवशी सगळं संपलं. आज नळदुर्गला येणारे लोक इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातला, १६१३ चा पाणीमहाल बघतात, धबधब्यासमोर फोटो काढतात आणि निघून जातात. पुलाबद्दल कुणी विचारत नाही.

दादांच्या पश्चात मी हा शाफ्ट सोलापुरात एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेला. जुन्या जीप दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं आहे. ही निशाणी कुठल्या जीपची हे कळलं की एक लेख लिहायचा, असा माझा बेत होता.

त्यांनी शाफ्ट रॉकेलमध्ये भिजत घातला. अंगावरचा ओतीव नंबर दिसू लागल्यावर मी खूश झालो, तर ते म्हणाले, "नंबर साच्याचा असतो बेटा. एकाच साच्यातला माल दोन इंजिनांत जातो. आधी मोजायला शिक."

मग मोजलं. उंचवटे, म्हणजे कॅम, आठ. एका सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह, म्हणून इंजिन चार सिलिंडरचं. सहा सिलिंडरच्या ट्रकला बारा लागले असते. बेअरिंगमध्ये बसणारे गोल भाग, जर्नल, चार. अँबॅसडरच्या बी-सिरीज इंजिनाच्या शाफ्टला ते तीनच असतात, त्यामुळे तीही बाद झाली. चारही जर्नल पुढून मागे बारीक होत गेलेले, म्हणजे हा शाफ्ट इंजिनात पुढूनच सरकवत नेतात. विलीज जीपच्या इंजिनाशी हे सगळं जुळत होतं. मला वाटलं, दादा जिंकले.

पण विलीजमध्येही प्रकार आहेत, आणि खरी परीक्षा इथेच होती. महायुद्धातल्या जीप, विलीज एमबी असो की फोर्ड जीपीडब्ल्यू, कॅमशाफ्ट साखळीने फिरवायच्या. साखळीने दोन चाकं एकाच दिशेने फिरतात. युद्धानंतर नागरी जीप आल्या आणि काही काळाने कंपनीने साखळी काढून गिअर बसवले. दोन गिअर एकमेकांत अडकले की उलट दिशांनी फिरतात, म्हणून कॅमशाफ्ट उलटा फिरू लागला. सिलिंडर पेटण्याचा क्रम मात्र तोच राहिला, १-३-४-२. दिशा उलटी आणि क्रम तोच ठेवायचा तर कॅमची मांडणी आरशातल्यासारखी उलटी करावी लागते. तेलाचा पंपही बदलतो. दोन्ही शाफ्ट दिसायला भावंडं, पण एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

दिशा शाफ्टच सांगतो. प्रत्येक सिलिंडरमध्ये आधी एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडतो, जळका धूर बाहेर जातो, मग इनलेटचा. दोन्ही कॅम ओळखले की शाफ्ट कुठल्या बाजूला फिरायचा ते हातात धरून कळतं. मिस्त्रींनी तो डोळ्यांसमोर धरून हळूहळू फिरवला. हँडल मारताना जीपचं इंजिन समोरून बघणाऱ्याच्या उजवीकडे, घड्याळाच्या काट्यांसारखं फिरतं. आमचा शाफ्ट उलटा फिरणारा निघाला. म्हणजे गिअरवाला. युद्धातल्या जीपचा नव्हे.

शेवटी त्यांनी व्हर्नियर लावला. जुन्या एल-हेड इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात आणि सारखेच उचलले जातात. आमच्या शाफ्टचे इनलेटचे कॅम एक्झॉस्टपेक्षा ठेंगणे होते. हे एफ-हेडचं लक्षण, ज्यात इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये जातो आणि पुशरॉडने उघडतो. हे इंजिन सीजे-३बी जीपमध्ये होतं. ती अमेरिकेत १९५३ ला आली आणि पुढे आपल्याकडे महिंद्रांनी वर्षानुवर्षं बनवली.

(महिंद्रांची कंपनी १९४५ ला मुंबईत निघाली तेव्हा तिचं नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होतं. भागीदार गुलाम मोहम्मद त्याआधी निजामाच्या राज्याचं अर्थखातं सांभाळून आले होते. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, नंतर गव्हर्नर जनरल. कंपनीने १९४८ मध्येच नाव बदललं. हा लेखाचा विषय नाही, पण वर्ष बघून राहवलं नाही.)

थोडक्यात, १९४८ ला बोरीच्या पुलावर हा शाफ्ट असणं शक्यच नव्हतं.

घरी येऊन चाचांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "मतलब अब्बा झूट बोले?"

मला हा प्रश्न साधा वाटत नाही. १९४८ च्या त्या पंधरवड्यात आणि पुढच्या काही आठवड्यांत आमच्या जिल्ह्यात जे घडलं त्याचे कागद कित्येक दशकं कुणाला बघायला मिळाले नाहीत. पंडित सुंदरलाल समितीने हैदराबाद संस्थानात फिरून अहवाल दिला. संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असा तिचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक होरपळले, आणि या चारांतच किमान १८ हजार, असं तिने लिहिलं. जीव धोक्यात घालून मुसलमानांना लपवणारे हिंदू शेजारीही त्या अहवालात आहेत. सरकारने तो प्रसिद्ध केला नाही. २०१३ च्या सुमारास तो दिल्लीच्या नेहरू मेमोरियलमध्ये वाचायला मिळू लागला. दादा तोवर नव्हते.

ज्याच्या हातात कागद नाही तो वस्तू धरतो. दादा गाव सोडून सोलापूरला आले, काही वर्षांनी गॅरेजात कामाला लागले, तिथे कधीतरी हा शाफ्ट त्यांच्या हाती आला असणार. पुलाची आठवण त्यांनी त्याला कधी जोडली ते आता विचारता येणार नाही. फौज येताना त्यांनी पाहिली होती, यावर माझा विश्वास आहे. शाफ्ट त्या दिवसाचा नाही, हेही मी लिहिणारच. आपल्याकडे एक वस्तू खोटी निघाली की सगळी आठवणच खोटी म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांना घाबरून वस्तू खरी ठरवत बसण्यापेक्षा मोजून सांगितलेलं मला बरं वाटतं.

मिस्त्रींनी विचारलं होतं, एका गिऱ्हाईकाची सीजे-३बी उभी आहे, कॅम घासून घेतले तर शाफ्ट चालेल, देता का? मी चाचांवर सोपवलं. त्यांनी शाफ्ट पुन्हा त्याच लुंगीत गुंडाळला, कपाटावर ठेवला आणि खाली उतरून म्हणाले, "उसको बोल, दूसरा ढूँढ ले."